साय धरेपर्यंत

“हरलास तर लुगडं नेसायचं,” नानू कंडक्टर म्हणाला. “नऊवारी. कासोटा घालून. आणि कमरेवर घागर घेऊन बायकांच्या रांगेत नळावर उभं राहायचं.”

“आणि तुम्ही हरलात तर?”

“तर मी नेसतो की!”

“नको नाना. तुम्हाला लुगड्यात बघून नळाचं पाणी पळून जायचं. आधीच एका टायमाला येतंय.”

कट्ट्यावर बसलेली सगळी आळी फिसकन हसली. नानू हसला नाही. एस्टीत जन्म गेलेला माणूस, रिकाम्या हातानंसुद्धा तिकिटाचा पंच टिकटिकवत बसायचा. माझ्यावर त्याचा जुना दात होता. म्हणजे दात नव्हताच, तोच तर प्रॉब्लेम होता. त्या वर्षीच्या गणपतीत मी भर आरतीच्या आधी माइकवरनं पुकारलं होतं, ‘नानू कंडक्टर यांची कवळी मंडपात सापडलेली आहे, ओळख पटवून घेऊन जावी.’ कवळी त्याच्या तोंडातच होती. पण ती आहे हे दाखवायला त्याला सगळ्या मंडपासमोर आ करावा लागला.

माझा धंदाच तो. दिगंबर फडतरे, ‘दिग्या स्पीकरवाला’. लग्न, बारसं, निवडणूक, काहीही असो, साताऱ्यात आमच्या भागात कर्णा माझाच. त्यामुळं कान मात्र तयार झालेला. आणि मंडपातला जनरेटर ऐन वरातीत आचके द्यायला लागला की त्याचा प्लग काढून, घासून, परत बसवायचं कामही माझंच.

त्या कानाच्या जोरावरच मी फसलो होतो. समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला आमची आळी, आणि आळीच्या टोकाला अण्णा गुजरांची फियाट. अण्णा पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले, एकटे. इंदूकाकू जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या शनिवारी दुपारी अण्णांनी गाडी चालू केली, आणि ती उभ्या जागी अशी गदगदायला लागली की डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागला. समोरच्या ओट्यावरची मांजर उठून गेली. मी कट्ट्यावरनं म्हणून गेलो, “काही नाही, प्लग आहेत नुसते. मी हात लावला तर बॉनेटवर चहा पीत बसाल.”

“चहा?” नानूनं तेवढंच पकडलं. “काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा बॉनेटवर. इंजिन चालू. चहावर साय धरेपर्यंत थेंब सांडता कामा नये. बोल, लावतोस?”

“लावली.”

“माझ्या गाडीवर पैजा लावताय,” अण्णा खिडकीतून म्हणाले, “मला कुणी विचारलं का?”

गंमत बाजूला ठेवली तर सगळ्यांना माहीत होतं की उद्या काकूंची तिथी. दर वर्षी त्या दिवशी अण्णा हीच गाडी काढून यवतेश्वरचा घाट चढायचे, वर महादेवाला जायचे, संध्याकाळी परत यायचे. एकटेच. गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर गाडी मेली. निरोप आल्यावर आम्ही चौघांनी जाऊन ढकलून वळवली आणि उतारावरनं खाली आणली. मी म्हणालो होतो, अण्णा, माझा टेम्पो आहे, चला सोडतो वर. ते म्हणाले, “नको. गाडी गेली तर मी जाणार.” आणि घरात जाऊन बसले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत.

आता मुलानं बडोद्याहून सांगून ठेवलेलं, अण्णा, ते खटारं भंगारात घाला आणि इकडे या. अण्णांनी त्याला कबूल केलं होतं की या तिथीला गाडी घाट चढली तर ठेवीन, नाहीतर तू म्हणशील तसं.

“दिगू,” अण्णा म्हणाले, “खरंच करशील?”

“अण्णा, लुगडं पणाला लावलंय.”

“मग कर. पण एक. प्लग काढ, साफ कर, सगळं तू कर. गॅप मी धरणार.”

“तुम्ही कशाला? मी—”

“गॅप मी धरणार,” ते परत म्हणाले, आणि गाडी बंद करून उतरले.

माझ्या तेव्हा डोक्यात काही आलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या खोडी असतात. अण्णांची आणखी एक खोड होती. पुढच्या डाव्या सीटवर ते कुणालाही बसू द्यायचे नाहीत. एकदा मंडळाची मूर्ती आणायला त्यांची गाडी घेतली, तर गणपतीसुद्धा मागं बसून आला.

लगेच मी बॉनेट उघडलं. आधी इंजिन चालू ठेवून निदान केलं. लाकडी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची टोपी उपसायची आणि कान लावायचा. काढल्यावर इंजिन आणखी लडखडलं तर तो प्लग कामाचा. काही फरकच पडला नाही तर तो पगार खाऊन झोपलेला. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी काढली, थोडा पडला. तिसरी काढली, ढिम्म. चौथी काढली, ढिम्म.

“चारातले दोन रजेवर,” मी म्हणालो.

नानू माझ्या खांद्यावरनं वाकून बघत होता. “सरकारी गाडी दिसतीय.”

“नाना, जरा लांब. श्वास लागतोय प्लगला.”

इंजिन निवू दिलं. मग प्लगपान्यानं चारही काढले आणि ओळीनं फडक्यावर मांडले, वायरींना खडूनं खुणा करून, कारण वायरींची अदलाबदल झाली तर गाडी चालायच्या ऐवजी फटाके फोडते. चांगल्या प्लगचं तोंड कसं असावं, तर भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखं, तांबूस. हे चारही काळेठिक्कर, तव्याच्या बुडासारखे. पेट्रोलमध्ये बुडवले, तारेच्या ब्रशनं घासले, फुंकर मारली. लख्ख झाले.

“आण इकडे,” अण्णा म्हणाले.

त्यांनी घरातनं एक छोटी पितळी डबी आणली. माझ्याकडे पाठ केली, ओट्यावर बसले आणि एकेक प्लग घेऊन काहीतरी करत राहिले. प्लगच्या टोकाला वरनं एक वाकडी आकडी असते, तिच्यात आणि मधल्या टोकात जी फट, ती गॅप. ठिणगी तिथं पडते. फट फार मोठी असली तर ठिणगी उडी मारत नाही. फार बारीक असली तर उडते, पण नुसती चुटपुट, पेट्रोल धड पेटत नाही. अण्णांचा चष्मा नाकावर घसरलेला, मान खाली. ओवी पुटपुटत असावेत असं मला वाटलं.

प्लग बसवले. गाडी चालू केली. क्षणभर बरी चालली, आणि परत गदगदा. गणपती परत नाचायला लागला.

“नेसायचं कुठल्या रंगाचं?” नानूनं विचारलं.

 अण्णा स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेले. त्यांनी किल्ली फिरवली, आवाज बंद झाला आणि ते म्हणाले, “जाऊ दे दिगू. म्हातारी झाली ती. मी बाजारात जाऊन येतो. उद्याची वेणी आणायचीय.”

पिशवी घेऊन ते निघाले. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो. माणूस गाडीबद्दल बोलत होता, पण चालत असा होता की त्यालाच कुणी भंगारात काढलंय.

आता माझा स्वभाव असा की नको म्हटलेलं केल्याशिवाय हात शिवशिवायचा थांबत नाही. अण्णा वळणाआड गेले तसं मी घरातनं एक्साब्लेडचा तुकडा आणला. लोखंड कापायच्या करवतीचं हे पातं, आमच्यात गॅप बघायला तेच वापरतात, त्याची जाडी नेमकी लागते. प्लग परत काढले. पातं आकडीखाली सारून बघितलं तर जाईचना. चारही फटी मिटलेल्या, हट्टी पोरानं ओठ मिटावेत तशा. मी आकड्या अलगद उचलल्या, पातं बरोब्बर सरकेल एवढ्या, आणि प्लग बसवले.

किल्ली फिरवली.

काय सांगू! ती गाडी गदगदली नाही, खोकली नाही. नुसती गुणगुणायला लागली. मी डोळे मिटून ऐकत होतो. वीसेक वर्षं झाली त्याला, पण अजून कुठं जुनी फियाट गेली की मी हातातली वायर सोडून तो आवाज शोधतो. तसा मिळत नाही.

डोळे उघडले तर अण्णा आळीच्या तोंडाशी उभे. हातात पुडीतली वेणी. चेहरा असा, की आतल्या खोलीतनं कुणीतरी हाक मारलीय आणि ओ द्यावी की न द्यावी कळत नाहीये. ते हळूहळू आले. बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग म्हणाले, “गॅपला हात लावलास.”

“अण्णा, ऐका तरी आवाज—”

“प्लग काढ.”

“तापलेत.”

“काढ म्हणतो ना!”

आयुष्यात अण्णा माझ्यावर ओरडले नव्हते. फडकं गुंडाळून मी एक काढला. त्यांनी खिशातनं डबी काढली. कुंकवाची डबी होती ती. आतनं काहीतरी चिमटीत धरून फटीत घातलं. ते आत गेलं आणि सैल खुळखुळलं.

“बघ. सैल जातीय. होती तशी कर.”

“तशी केली तर उद्या तिसऱ्या वळणाला मरंल ती.”

“मरू दे! पण तिच्या मापाची असू दे.”

“कुणाच्या?”

अण्णांनी चिमटी उघडून तळहात माझ्यासमोर धरला. त्यावर केसांतली पिन होती. बायका अंबाड्याला लावतात ती साधी, दुमडलेली, चपटी पिन. फक्त काळी नाही. चांदीसारखी लखलखीत.

नानू कट्ट्यावरनं उठून जवळ आला होता. काहीतरी टोमणा मारणार होता बहुतेक. त्यानं तोंड मिटलं आणि चप्पल न वाजवता परत जाऊन बसला.

“गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट,” अण्णा म्हणाले. “यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणाला बंद पडली. रस्त्याला चिटपाखरू नाही. मी प्लग काढले, रुमालानं पुसले. पण गॅपचं माप कुठलं आणायचं? मी आपला तणतण करतोय, आणि ही खाली उतरली. अंबाड्यातली पिन ओढून काढली. म्हणाली, ही बसते का बघा. मी म्हटलं, गाडी आहे ती, वेणीफणी नाही. तर म्हणाली, बघा तर खरं.” अण्णांनी पिन बोटांत फिरवली. “बसली की रे. तिनंच शिकवलं मला. म्हणाली, केसातनं निघते तशी निघाली पाहिजे. ओढायला लागावी, पण केस तुटू नये.”

“आणि गाडी चालली.”

“चालली म्हणजे! वर पोचेपर्यंत तिचे केस सुटलेले. खिडकीतनं वारा. एका हातानं केस धरलेत आणि हसतीय. म्हणाली, आता ही पिन गाडीचीच, मला नको परत. तेव्हापासनं पान्यांच्या पेटीत असायची. ती गेल्यावर मी डबीत ठेवली.”

“पण एवढी चकचकीत कशी?”

“गंज धरते ना. खंडेनवमीला सगळी अवजारं पुजतो, तेव्हा पॉलिश पेपरनं घासतो. आणि गॅप धरायच्या आधीही घासतो जरा. तिची वस्तू, अशी कशी...”

ते बोलता बोलता थांबले. मी मान खाली घातली, पण उशीर झाला होता. ते हिशोबाचे पक्के, पाटबंधाऱ्यात जन्म गेलेला. त्यांनी माझ्या हातातला ब्लेडचा तुकडा घेतला, पिनेशेजारी धरला आणि दोन्ही उभे करून कडेनं बघितलं. ब्लेड जाड होतं. पिन कागदासारखी झाली होती.

“म्हणजे गाडी म्हातारी झाली नाही,” अण्णा म्हणाले.

मी फडक्याची घडी घालायला लागलो.

“दर दसऱ्याला मीच तिला थोडी थोडी घासत आलो. पिन झिजत गेली, तशी मी फट मिटवत गेलो.” ते ओट्यावर टेकले. “आणखी चार-पाच दसऱ्यांत संपलीच असती रे.”

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं. लोक मयताला जातात तिथंसुद्धा मी काहीतरी बोलून जातो आणि बायकोचा मार खातो. तेव्हा मात्र मी तो प्लगच पुसत राहिलो. माझी बायको, शैला, दारातनं सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि पिनांचं नवं कार्ड घेऊन आली.

“अण्णा, ही घ्या. अख्खं कार्ड ठेवा.”

अण्णांनी बघितलं. “कुणाची आहे ही?”

“कुणाची म्हणजे? दुकानातली.”

“मग नको पोरी,” ते मऊ आवाजात म्हणाले.

गाडी ब्लेडच्या मापावर घाट चढली असती. पण अण्णा त्या मापावर गेले नसते. आणि पिनेच्या मापावर अण्णा गेले असते, तर गाडी गेली नसती. मी डोकं खाजवत उभा. समोर आमच्या ओट्यावर शैलानं सकाळी कल्हई करून आणलेली पातेली ओळीनं ठेवलेली. आतनं पांढरीशुभ्र. आतलं अस्तर झिजून तांबं दिसलं की आपण पातेलं टाकत नाही, कल्हई करतो.

“अण्णा,” मी म्हणालो, “पिनेला कल्हई करूया.”

“काय?”

“माझ्याकडे झाळायची इस्त्री आहे, वायरी जोडायला. कथिल आहे. पातळ थर चढवतो. मग कानशीनं हळूहळू उतरवत ब्लेडच्या जाडीला आणतो. गंजही धरायचा नाही. परत घासायला नको.”

अण्णांनी मूठ मिटली. “जाळशील.”

“काकूंची पिन जाळली तर काकू वरनं येऊन मला लाटण्यानं हाणतील. त्यांची आणि माझी ओळख आहे चांगली. त्यांच्या पापडांवर मी शेळी सोडली होती, विसरलात?”

अण्णांच्या मिशीखाली किंचित हललं काहीतरी. मग त्यांनी विचारलं, लहान पोरानं विचारावं तसं, “पण मग ती तिची राहील का रे?”

“आत तीच आहे, अण्णा. वरनं फक्त स्वेटर घातलाय. घाटात गारठा असतो.”

त्यांनी मूठ उघडली.

माझ्या टेबलावर स्पीकरची आतडी पसरलेली असतात, ती बाजूला सारली. दिवेलागण होत आली होती. पिन पकडीत धरली, झाळायचं मलम लावलं, इस्त्रीचं टोक टेकवलं. कथिल वितळून चांदीच्या पाण्यासारखं पसरलं. अण्णा माझ्या कानाशी उभे, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग कानस. दोन हात मारायचे, ब्लेडच्या मापाच्या फटीत घालून बघायची. परत दोन हात. एवढ्या हळू मी आयुष्यात काम केलं नव्हतं. शेवटी अण्णांनी माझ्या हातातनं प्लग आणि पिन घेतली. फटीत घातली. ओढली.

“निघाली,” ते म्हणाले. “केस न तुटता.”

चारही प्लग त्यांनी स्वतः धरले. या वेळी पाठ केली नाही.

रविवारी सकाळी आळी लोटली. नानूनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. शैलानं काठोकाठ चहा भरून ग्लास बॉनेटच्या मधोमध ठेवला, एवढा भरलेला की मुंगी पडली असती तरी सांडला असता. अण्णा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून स्टेअरिंगवर बसले. शेवंतीची वेणी त्यांनी डाव्या सीटवर ठेवली होती.

“चालू करा!” नानू ओरडला, आणि जीभ वरच्या टाळूला लावून घंटी दिली, “टिंग टिंग.”

गाडी चालू झाली. गुणगुणायला लागली. ग्लासातला चहा नुसता थरथरला, कडेच्या आत राहिला. डॅशबोर्डवरचा गणपती मांडी घालून शांत. नानू गुडघ्यावर हात ठेवून, डोळे ग्लासाला लावून वाकला. वाफ कमी होत गेली. कडेनं सायीची पहिली सुरकुती आली.

“आली, आली!” मी नाचायला लागलो. “नाना, कमरेचं माप द्या!”

“मधोमध आली नाही अजून!”

कुणाचंच अण्णांकडे लक्ष नव्हतं. मी बघितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते आणि मान जराशी डावीकडे कललेली. ते आवाज ऐकत होते. तो चहा, ती पैज, आम्ही सगळे, त्यांच्या लेखी नव्हतोच. मग त्यांनी डोळे उघडले, सरळ समोर बघितलं, आणि गिअर टाकला.

“अण्णा, चहा!”

गाडी निघाली. ग्लास बॉनेटवरनं सरकला, कडेला क्षणभर डुगडुगला आणि खळ्ळकन फुटला. चहा सगळ्या आळीच्या पायावर. नानू हर्षानं उडालाच.

“सांडला! थेंब काय, अख्खा सांडला!”

“अहो पण साय धरली होती,” शैला म्हणाली. “यांच्या हातचं थोडंच आहे ते? गाडी हलली ना!”

“अट म्हणजे अट! थेंब सांडता कामा नये!”

भांडायला जागा होती. मी भांडलो असतो तर पंचायत माझ्या बाजूनं गेली असती. पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आमच्या आळीतनं घाटाचा आवाज येतो. पहिलं वळण. आवाज जडावला, पण तुटला नाही. दुसरं. नानूसुद्धा कान देऊन उभा राहिला. तिसऱ्या वळणाला आवाज डोंगराआड जातो, तिथं मी श्वास धरला. गुणगुण थोडी बारीक झाली, बारीक होत गेली, पण एकसारखी. मग नुसता वारा.

“चढली,” नानू म्हणाला. 

“नेसतो,” मी म्हणालो.

नळाला पाणी पाचला यायचं. शैलानं तिच्या आईचं हिरवं लुगडं काढलं आणि हसून हसून मेली, कारण कासोटा मारताना मी दोनदा आपटलो. मिशीला हात लावू दिला नाही, तशी अट नव्हती. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. केसांत गजरा कसा राहणार, तर तिनं दोन पिना माझ्या कानामागं खुपसल्या. टोचल्या. मी म्हणालो, हे रोज करता तुम्ही? ती म्हणाली, आणि कुणी बघतसुद्धा नाही.

नळावर मी घागर घेऊन रांगेत उभा राहिलो तेव्हा गच्च्या भरल्या होत्या. नानूनं माझाच माइक लावला होता.

“दिगूबाई फडतरे, नळावर पधारलेल्या आहेत! कृपया धक्काबुक्की करू नये!”

“पुढं सरक ग भवाने,” मागनं कुणीतरी म्हणालं. मी लाजून पदर दातात धरला, कंबर मोडून चाललो, मुरका मारला. हरायचंच तर थाटात. घागर भरली, कमरेवर घेतली, आणि तेवढ्यात घाटाकडनं तो आवाज आला.

फियाट आळीत शिरली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. इंजिन चालूच, गुणगुणत. अण्णांनी काचेतनं माझ्याकडे बघितलं. लुगडं बघितलं, बांगड्या बघितल्या. हसतील असं वाटलं. हसले नाहीत. त्यांची नजर माझ्या कानामागं होती, गजऱ्यापाशी.

ते वाकले आणि डाव्या बाजूचं दार आतनं उघडलं. सीट रिकामी होती. वेणी वर ठेवून आले असणार.

“बस,” ते म्हणाले. “घागर जड असेल.”

 नानूनं माइक खाली घेतला. मी इकडं तिकडं बघितलं आणि बसलो, घागर मांडीवर घेऊन, काठोकाठ भरलेली. गाडी हलली. माझं घर तिथनं हाकेच्या अंतरावर, पण अण्णांनी वळसा घेतला, सगळी आळी फिरून जायचा. वारा आत आला. गजरा हलला, पिन कानाला घासली.

“हळू नेतो हं,” अण्णा समोर बघत म्हणाले. “केस सांभाळ.”

मला शंभर गमती सुचल्या असतील. एकही तोंडाबाहेर काढली नाही. मी पदर सारखा केला, एका हातानं गजरा धरला, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत गप्प बसलो. मांडीवरच्या घागरीतनं थेंबसुद्धा सांडला नाही.